थ्रेड : पणजोबांची पगडी आणि सरकीवरचे तंतू

अकोल्याच्या जठारपेठेतील एका जुन्या घरात पणजोबांचे एकच छायाचित्र होते. पगडी, उपरणे, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. पणतीने घरच्या प्रिंटरवर त्याची प्रत काढून अमरावतीच्या आत्याला दिली. आत्याने ती अंबापेठेतील घरी, पश्चिमेच्या खिडकीसमोर, काचेविना लावली.

दोन उन्हाळे गेले. मग एका पावसाळ्यात अकोल्याच्या ओल्या भिंतीला वाळवी लागली आणि मूळ छायाचित्र गेले. ज्या मोबाइलमध्ये त्याची प्रतिमा होती तो आधीच बिघडला होता. उरली अमरावतीची प्रत. तीत पणजोबा तांबूस, धूसर झालेले.

मूळ चित्र इतकी वर्षे टिकले, कारण त्यात शाई नव्हतीच. जिलेटिनच्या थरात अडकलेले चांदीचे सूक्ष्म कण म्हणजेच ते चित्र. त्याच्याही आधीची पद्धत अंड्याच्या पांढऱ्या बलकाची : १८५० मध्ये फ्रान्सच्या ब्लांकार-एव्हरार याने ती मांडली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांपैकी. या साऱ्या छायाचित्रांखालचा कागद सुती-तागी चिंध्यांच्या लगद्याचा असे.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले. १८६७ पर्यंत भुसावळ-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला आणि कापसाच्या गाठी मुंबईमार्गे मँचेस्टरला जाऊ लागल्या. तोच कापूस कागद होऊन परत आला, असे म्हणण्याचा मोह होतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो आवरावा.

तंतूंचे नाते मात्र खरे आहे. जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतू जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतात आणि आजचे उत्तम सुती फोटो-कागद त्यांतून बनतात. लाकडाच्या स्वस्त लगद्यात लिग्निन राहते. कागद पिवळा पडतो तो त्यामुळे. चकचकीत फोटो-कागदाला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचे अस्तर असते. तो देखणा आणि स्वस्त असतो, पण पिढ्यांसाठी तो निवडू नये.

शाईचे प्रकरण अधिक निर्दय. टाकीच्या बहुतेक घरगुती प्रिंटरांत रंगीत शाया ‘डाय’ असतात, म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. तो कागदात मुरतो, खुलतो, आणि ऊन व हवेतील ओझोन यांपुढे हरतो. आत्याकडच्या प्रतीत निळसर शाई आधी उडाली, म्हणून चेहरा तांबूस. ‘पिगमेंट’ शाईत रंगाचे घन कण असतात. चकाकी थोडी कमी, पण आयुष्य कितीतरी मोठे. कृष्णधवल चित्रासाठी करड्या छटांच्या वेगळ्या शाया असलेला प्रिंटर मिळाला तर उत्तमच.

पणतीने फिकी प्रत स्कॅन केली आणि उडालेला रंग संगणकावर जमेल तेवढा भरून काढला. पगडीच्या घड्या परतल्या; डाव्या डोळ्याची कड परतली नाही. तिथे तिने अंदाजाने काही रंगवले नाही.

नवी प्रत सुती कागदावर, पिगमेंट शाईत निघाली. दिवसभर वाळू दिली, मग काचेला चिकटू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची चौकट घालून फ्रेम झाली. मूळ डिजिटल प्रतिमा तीन घरांत ठेवली आहे. आत्याने या खेपेस उत्तरेची भिंत निवडली, आणि खिळा ठोकण्यापूर्वी ओल आहे का ते तळहाताने चाचपून पाहिले.