समोर कोण बसले आहे?

व्यापारी घरात आवाजाला किंमत असते, हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही. गादीवर बसणाऱ्याचा आवाज ओळखून दूरगावचे गिऱ्हाईक फोनवर भाव विचारते, माल न पाहताच तो ट्रान्सपोर्टला टाकायला सांगते आणि निर्धास्त होते. बिलावर सही नंतर होते. विश्वास आधी बोलण्यावर बसतो. असे असूनही याच घरांतील माणसे माईकसमोर बसली की त्यांचा आवाज परका का होतो, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनात घोळतो आहे.

आमचे घर इचलकरंजीतील कापड व्यापाऱ्याचे. मुलांनी दुकान हाती घेतल्यावर मला दुपारचा मोकळा वेळ मिळू लागला आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका संस्थेसाठी मी वाचू लागले. पुढे नव्या वाचकांना बसवून घेण्याचे कामही माझ्याकडे आले. ध्वनिमुद्रणासाठी आमच्याकडे खास खोली नाही. आहे ते कापडाचे गोदाम. तिन्ही बाजूंनी छतापर्यंत रचलेले तागे प्रतिध्वनी गिळून टाकतात. ज्यांच्या घरी गोदाम नाही, त्यांना मी कपड्यांनी भरलेल्या कपाटाचे दार उघडून त्याच्यासमोर बसायला सांगते. आमची खरी अडचण आहे ती गावाची. यंत्रमागांचा खडखडाट थांबला की आम्ही धावपळ करून चार पाने वाचून घेतो.

येणारे वाचक बहुतेक आपल्यासारख्याच घरांतले असतात. दुकान मुलाच्या स्वाधीन केलेले गृहस्थ, लेकी-सुना, महाविद्यालयात जाणारी मुले. काहींना पुढे जाहिरातींसाठी, माहितीपटांसाठी आवाज देण्याची, म्हणजे व्हॉइस-ओव्हरची, हौस असते. घरी छान गप्पा मारणारी ही माणसे हेडफोन कानाला लावताच बदलतात. कोणी बातम्या देऊ लागते, कोणी सभेत भाषण करू लागते. तरुण मुले रिक्षाच्या भोंग्यावरून सेलची घोषणा करावी तसे प्रत्येक वाक्याचे शेपूट वर उचलतात. उच्चार स्पष्ट, वेग ठीक, चूक एकही नाही. पण ऐकणाऱ्याला कोणी आपल्याशी बोलत आहे असे वाटत नाही.

यामागचे कारण मला एका आप्पांनी शिकवले, तेही नकळत. वय पासष्टच्या घरात, चाळीस वर्षे सुताचा व्यापार केलेले. शाळेच्या पुस्तकातील एका शेतकऱ्याचा धडा ते वाचत होते. प्रत्येक शब्द तराजूत तोलल्यासारखा, एका वजनाचा. इतक्यात त्यांचा मोबाइल वाजला. लातूरकडचा एक जुना व्यापारी बोलत होता. त्याच्या घरी मुलीचे लग्न होते आणि देणे थकले होते. आप्पा म्हणाले, “अहो, लग्नाचं घर तुमचं. पैशाचं नंतर बघू की. आधी पोरीचं बघा... काय? हां... नाही, नाही, तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका.” ध्वनिमुद्रण सांभाळणारी माझी पुतणी यंत्र बंद करायला विसरली होती. आप्पांची परवानगी घेऊन आम्ही दोन्ही तुकडे एकदा ऐकले आणि फोनचा तुकडा लगेच पुसून टाकला. आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “वहिनी, हे दोन्ही मीच होय?”

दोन्ही तेच होते, गळाही तोच होता. फरक एवढाच, की फोनवर त्यांच्यासमोर एक माणूस होता, त्या माणसाची अडचण होती आणि त्याला धीर द्यावा ही इच्छा होती. धडा वाचताना समोर फक्त कागद होता. शिवाय फोनवर बोलताना ते मधूनमधून ऐकत होते. नैसर्गिक बोलण्यातील विराम हे नुसते श्वास घेण्याचे थांबे नसतात. त्या जागा समोरच्याच्या असतात. तो हुंकार देतो, शंका काढतो, आणि पुढचे वाक्य त्याला उत्तर म्हणून येते. ज्याचे ऐकणे थांबते, त्याचे बोलणे पाठांतर होते.

तेव्हापासून नव्या वाचकाला मी पहिली सूचना आवाजाविषयी देतच नाही. मी विचारते, “समोर कोण बसले आहे?” ‘श्रोते’ हे उत्तर मी स्वीकारत नाही. एकच व्यक्ती हवी, ओळखीची हवी. पाचवीतला भाचा, नजर अधू झालेल्या आत्या, पहिल्यांदा बाहेरगावी निघालेली मुलगी. ती व्यक्ती ठरली, की मजकुराच्या समासात पेन्सिलीने तिचे प्रश्न लिहायचे. धड्यात वाक्य आहे, ‘यंदा पावसाने ओढ दिली.’ समासात भाच्याचा प्रश्न लिहायचा, ‘मग पीक का नाही आले?’ तो प्रश्न मनात ऐकून वाक्य उच्चारले, की ते आपोआप सांगितले जाते. प्रश्न सुचत नसेल, तर वाक्यापूर्वी हळूच ‘अगं, ऐक ना’ म्हणायचे आणि ते शब्द नंतर कापून टाकायचे. आप्पांनी पुढच्या खेपेस धड्याच्या समासात आपल्या नातवाचे प्रश्न लिहून आणले होते. सोळा प्रश्न होते, त्यातले चार तर धड्याच्या लेखकालाही सुचले नसते.

दुसरी गोष्ट आघाताची. नवशिक्या वाचकाला वाटते, महत्त्वाचा शब्द म्हणजे विशेषण. म्हणून तो ‘अतिशय’, ‘सुंदर’, ‘भव्य’ यांवर जोर देतो. मी त्याला आपल्याच व्यवहारातले एक वाक्य देते : ‘मी त्याला उधार दिले नाही.’ ‘मी’वर जोर द्या, उधार दुसऱ्या कोणी तरी दिली. ‘त्याला’वर द्या, दिली, पण भलत्यालाच. ‘उधार’वर द्या, म्हणजे व्यवहार रोखीचा झाला. ‘नाही’वर द्या, की आरोप झटकला. चार आघात, चार हिशेब. कोणता खरा, हे गळा ठरवत नाही, मजकूर समजलेला माणूस ठरवतो. जोर शोधायचा म्हणजे अर्थ शोधायचा.

आता भावनेकडे येते, कारण गोंधळ सर्वांत जास्त तिथेच होतो. दुःखाचा प्रसंग आला, की वाचक आवाज खाली आणतो, वेग कमी करतो आणि स्वर थरथरवतो. खरे दुःख असे बोलते का? आपण सांत्वनाला जातो तेव्हा घरातील बाई काय सांगते, ते आठवून पाहावे. “सकाळी नेहमीसारखा चहा घेतला. पेपर वाचला. मला म्हणाले, दुपारी बँकेत जाऊन येतो.” ती सरळ, क्रमाने, बारीकसारीक तपशील सांगत असते, आपले रडू आवरण्यासाठी तिने त्या तपशिलांचा हात धरलेला असतो. डोळे पुसतो तो ऐकणारा. म्हणून मी सांगते, दुःख वाचताना रडायचे नाही. न रडण्याचा प्रयत्न वाचायचा. राग वाचताना ओरडण्याऐवजी राग आवरायचा. बोलणाऱ्याने सगळे अश्रू स्वतःच ढाळले, तर ऐकणाऱ्यासाठी काय उरते?

तरीही कधी कधी मजकूर वाचणाऱ्याच्या आयुष्याला सरळ येऊन भिडतो. आमच्याकडे वाचायला येणाऱ्या एका सुनेला एक कथा आली होती. वडील गेल्यावर मुलगी त्यांचे दुकान आवरते आणि शेवटी कुलूप लावते. त्या सुनेचे स्वतःचे वडील वर्षापूर्वीच गेले होते, दुकान भावंडांनी विकले होते. दुसऱ्या पानावर ती थांबली आणि म्हणाली, “काकू, हे दुसऱ्या कुणाला तरी द्या.” मी कथा दुसऱ्याला दिली नाही, तिला आग्रहही केला नाही. कागद तिच्याजवळ राहू दिले. तीन आठवड्यांनी ती स्वतःहून आली आणि सबंध कथा अगदी साधेपणाने वाचून गेली. फक्त कुलपाच्या वाक्याआधी तिने एक दीर्घ श्वास घेतला. पुतणी संगणकावर असे श्वास पुसून ध्वनिमुद्रण स्वच्छ करते. तो श्वास मात्र आम्ही ठेवला. महिन्याभराने संस्थेतून एका विद्यार्थिनीचा निरोप आला. कथा कशी वाटली, हे तिने कळवलेच नव्हते. तिने एवढेच विचारले होते, “कुलूप लावताना ज्या ताई थांबल्या, त्यांची आणखी पुस्तके आहेत का?”

हा प्रसंग ऐकून काही नवे वाचक वेगळाच धडा घेतात. प्रत्येक करुण प्रसंगात ते आपले एखादे दुःख उकरून काढू पाहतात. त्यांना मी आवर घालते. आपल्या आठवणी हे भांडवल आहे. रोजच्या खर्चाला भांडवल मोडू नये. त्या सुनेने दुःख वापरले नाही, ते जागच्या जागी ठेवून ती वाचत राहिली. इतर वेळी शब्दांतले चित्र स्वच्छ डोळ्यांसमोर आणले तरी पुरते. कुलूप पितळेचे की लोखंडी, किल्ली सहज फिरते की अडकते, फळीवर धूळ आहे का, एवढे दिसले की आवाज बाकीचे पाहून घेतो.

शरीराची थोडी मदत लागते, तीही सांगते. माईक तोंडापासून एक वीत दूर आणि किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे प, फ, ब, भ या अक्षरांचा फुत्कार थेट त्याच्यावर आदळत नाही. पाठ ताठ, पण खांदे सैल असावेत. हात बांधून ठेवू नयेत. बोलताना हलतात तसे हलू द्यावेत, कारण हात थिजले की स्वरही थिजतो. ओठांवर खरे हसू असेल तर ते ऐकू येते. ओठ ताणले जातात, तोंडातील पोकळी थोडी आखूड होते आणि स्वर उजळतो. ज्यांच्या घरी गुजराती, मारवाडी किंवा कन्नड बोलली जाते, त्यांनी ‘चूल’ आणि ‘चहा’ यांतला च, ‘जावई’ आणि ‘जीव’ यांतला ज वेगवेगळा घोटावा, ळ जपावा. मात्र आपल्या घरच्या बोलीचा हेल खरवडून काढण्याची गरज नाही. तो आपला पत्ता आहे.

आमच्या पिढीने हे सारे रेडिओवर ऐकले होते, तेव्हा त्यामागची विद्या कळत नव्हती इतकेच. 1952 पासून रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सादर करणारे अमीन सयानी लाखोंशी बोलत. तरी स्वयंपाकघरातील बाईला वाटे, हे माझ्याशीच बोलताहेत. आकाशवाणी मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी बोलू लागले, की शेजारचे कोणी ओसरीवर येऊन बसल्यासारखे वाटे. तेही कागदावरूनच वाचत असतील, पण कागदाची सळसळ त्यांच्या बोलण्यात नसे.

आज आपल्या घरांतील मुले दुकानाच्या जाहिराती मोबाइलवर स्वतःच तयार करतात, ही चांगली गोष्ट आहे. तीस सेकंदांत साधारण साठ-पासष्ट शब्द सुखाने बसतात. त्याहून जास्त कोंबले, की श्वास आणि विश्वास दोन्ही तुटतात. त्यांना माझी एकच कसोटी असते. जे वाक्य तुम्ही दुकानात समोर उभ्या असलेल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला डोळ्याला डोळा भिडवून म्हणू शकणार नाही, ते माईकवरही म्हणू नका. पुष्कळदा खोटेपणा सुरात नसून मजकुरातच असतो. ‘भव्य, दिव्य, सर्वांत स्वस्त’ हे शब्द कितीही मन लावून वाचले तरी पोकळच वाजतात. ‘हा रंग जात नाही, गेला तर साडी परत आणा’ हे वाक्य शिकाऊ मुलानेही सहज म्हणावे, कारण त्यामागे दुकान उभे असते. ज्या मालाविषयी मनात किंतु आहे, त्याच्यासाठी आवाज द्यायचाच नाही. आवाज भाड्याने देता येतो. त्यासोबत गेलेली पत मात्र परत येत नाही.

कोणी म्हणेल, आता मोबाइलमधील यंत्रच मराठी वाचून दाखवते, मग हा खटाटोप कशाला? हा प्रश्न मी एका दृष्टिहीन विद्यार्थ्यालाच विचारला होता. तो म्हणाला, “परीक्षेचा अभ्यास मी यंत्रावर दुप्पट वेगाने उरकतो, काकू. ते थकत नाही, चुकत नाही. पण गोष्ट ऐकताना मला कळावं लागतं, की वाचणाऱ्यालाही पुढे काय होणार याची काळजी आहे.” यंत्राकडून आपल्याला शुद्धतेत आणि वेगात जिंकायचे नाहीच. नवशिक्याकडे देण्यासारखे जे आहे, ते हेच : एका माणसाची दुसऱ्यासाठीची काळजी.

ज्यांना हे काम शिकावेसे वाटते त्यांनी माईक विकत घेण्याची घाई करू नये. आज रात्री जेवणानंतर याच अंकातील कोणतेही एक पान घ्यावे, घरातील ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांच्याजवळ बसावे आणि वाचावे. मधेच ते काही विचारतील. थांबून उत्तर द्यावे, आणि ज्या आवाजात उत्तर दिले, त्याच आवाजात पुढचे वाक्य वाचावे.