ओझ्याची वाटणी

मोडनिंबमध्ये टायरात हवा किती ठेवायची, हा रिकामटेकड्यांचा प्रश्न नाही. पुणे-सोलापूर हायवे गावाला खेटून जातो. गळीत हंगामात पिंपळनेरच्या कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालू असतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की डांबर आणि टायर, दोन्ही हात लावू देत नाहीत. हवा कमी असली की टायरची बगल दर फेऱ्याला दुमडते, त्या दुमडण्यानेच तापत जाते आणि शेवटी फुटते. इथल्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. बापाने ट्रॅक्टर काढायच्या आधी तोच चाकाला एक लाथ मारून अंदाज घेतो.

त्याच गावात, रात्री जेवणं आटोपली की मी टेबलाच्या कडेला स्टिअरिंग आवळतो, पायाशी पेडल सरकवतो आणि इटलीतल्या मोंझाच्या ट्रॅकवर गाडी काढतो. खेळाचं नाव असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने. रोमजवळच्या वालेलुंगा या रेसिंग ट्रॅकवरच ज्यांचं बस्तान आहे, त्या कुनोस कंपनीने 2019 मध्ये तो पूर्ण स्वरूपात आणला. जीटी-थ्री वर्गातल्या गाड्या, मोजमाप घेऊन हुबेहूब उतरवलेले ट्रॅक, बदलतं हवामान. चालवायला तो सुंदर आहेच. पण माझा जीव जडला तो गाडी पिटमध्ये उभी असताना उघडणाऱ्या सेटअपच्या पानांवर. टायरची हवा, कॅम्बर, टो, कॅस्टर, स्प्रिंग, डॅम्पर, अँटी-रोल बार, गाडीची जमिनीपासूनची उंची, मागचा विंग, डिफरन्शियल, ब्रेकचा जोर पुढे किती नि मागे किती. प्रत्येकासमोर एक आकडा, आणि आकड्याच्या दोन्ही बाजूंना बाण.

हवेचं पान मला पहिल्या दिवसापासून घरचं वाटलं. थंड टायरात भरलेली हवा आणि तापल्यावरची हवा वेगळी. तापमान पाच-सहा अंशांनी चढलं की दाब साधारण एका पीएसआयने वाढतो. या खेळात कोरड्या रस्त्यावर, टायर तापल्यानंतर 26 ते 27 पीएसआय मिळाले पाहिजेत. म्हणजे भरताना बाहेरचं ऊन, रस्त्याची धग आणि आपली चालवायची रीत, तिन्ही धरून आधीच कमी भरायचं. ढग आला की हिशेब पुन्हा मांडायचा. आमच्याकडचा ट्रकवाला हे सारं आकड्यांशिवाय करतो, एवढाच फरक.

बाकीची पानं कळायला मात्र एक गोष्ट डोक्यात पक्की बसावी लागते, आणि ती बसली की सगळा पसारा एका धाग्यात येतो. गाडी कितीही मोठी असो, ती जमिनीला टेकते ती तळहाताएवढ्या चार तुकड्यांवर. वळणात वजन बाहेरच्या चाकांकडे कलतं, ब्रेक मारला की पुढे जातं, रेस दिली की मागे. चाकावर वजन वाढलं की त्याची पकड वाढते, हे खरं. पण वजन दुप्पट झालं म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. आतल्या चाकाने गमावलेली पकड बाहेरचं चाक पुरती भरून देऊ शकत नाही. म्हणून दोन चाकांवर ओझं जितकं सारखं, तितकी त्या जोडीची मिळून पकड जास्त. ओझं एकाच चाकावर लोटलं की ती जोडी आधी हार खाते.

अँटी-रोल बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, पिळली जाणारी पोलादी कांब. वळणात एकूण किती वजन बाहेर जाणार, ते या कांबीच्या हातात नाही. ते गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधली रुंदी आणि वळणाचा वेग ठरवतात. कांब ठरवते ती फक्त वाटणी, त्यातला किती वाटा पुढच्या जोडीने सोसायचा आणि किती मागच्या. पुढचा बार कडक केला की पुढच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार पडतो, पुढची जोडी आधी थकते आणि गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ बघते. मागचा कडक केला की शेपूट बाहेर. बाणाच्या एका टिचकीने गाडीचा स्वभाव असा पालटतो, आणि का पालटला हे कळलेलं असेल तर तो आनंद लॅपच्या वेळेपेक्षा मोठा असतो.

आमच्या गावाच्या रुळांवर हाच विचार शंभर वर्षांपूर्वी धावला आहे, हे मला फार नंतर उमगलं. मोडनिंबच्या स्टेशनातून आता ब्रॉडगेजच्या गाड्या जातात, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून बार्शी लाईटच. अडीच फूट रुंदीची ही छोटी रेल्वे 1897 मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला आणि 1906 मध्ये मोडनिंबवरून पंढरपूरला गेली. ती आखणारा इंजिनिअर एव्हरार्ड कालथ्रॉप. गरीब मुलखातली रेल्वे स्वस्त हवी, म्हणजे रूळ हलके हवेत. त्याने वाराला फक्त 30 पौंडांचे रूळ धरले, आणि हलक्या रुळांवर भारी माल न्यायचा तर कुठल्याही एका एक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त ओझं पडता कामा नये, असं ठरवून टाकलं. मग वाघिणी त्या मापाने घडवल्या, चार-चार एक्सलच्या, सगळ्यांवर सारखा भार. इंजिनही तसंच, अनेक चाकांवर वजन पसरलेलं. हे सगळं इकडे येण्याआधी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ मुद्दाम रूळ टाकून चालवून दाखवलं होतं. (याच माणसाने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं. पडणाऱ्या ओझ्याचा विचार त्याला सुटला नसावा.) आषाढीला दाटीवाटीने भरलेली ती गाडी एवढ्याशा रुळांवरून पंढरपूरला पोचायची, त्यात विठ्ठलाच्या कृपेइतकाच या हिशेबाचाही वाटा होता, असं मी मनापासून मानतो.

पण हिशेब कळणं आणि गाडीत काय होतंय ते ओळखणं, या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरी मी शिकलो ती हायवेवरच्या एका अलाइनमेंटच्या दुकानात. घरची गाडी डावीकडे ओढत होती म्हणून घेऊन गेलो होतो. दुकानाच्या मामांनी मशीनला हात लावला नाही. आधी विचारलं, "वढतीय म्हंजे कवा वढतीय? ब्रेक मारल्यावर, का मोकळी सोडल्यावर?" मोकळी सोडल्यावर, म्हटलं. "मग ब्रेकचं काम न्हाई ते." मग चाक पूर्ण वळवून टायर बाहेर काढला आणि माझा हात धरून त्यावर ठेवला. "आतनं भाईर फिरव. आता उलटा फिरव की." एका बाजूने तळवा गुळगुळीत सरकला, उलट बाजूने रबराच्या कडा बोचल्या. टो बिघडल्याची ती खूण, चाक पुढे जाता जाता आडवंही घासत होतं. तरी त्यांनी लगेच टाय रॉडला पाना लावला नाही. पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलले आणि मला वरवड्याच्या टोलनाक्यापर्यंत चक्कर मारून यायला सांगितलं. ओढणं टायरबरोबर बाजू बदलतं का, ते बघायला. बदललं असतं तर दोष टायरचा. गाडी डावीकडेच ओढत राहिली, तेव्हा कुठे ती मशीनवर चढली.

कधी होतंय ते आधी विचारायचं, हाताने बघायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तोच रस्ता पुन्हा चालवायचा. रेसिंगच्या खेळात सेटअप शिकणाऱ्याला याहून वेगळी दीक्षा लागत नाही. "गाडी वळत नाही" ही तक्रार मामांच्या दुकानात चालली नसती, ती खेळातही चालत नाही. ब्रेकवर असताना वळत नाही, की ब्रेक सोडल्यावर वळणाच्या पोटात, की रेस देताना? पहिल्याचं औषध बहुधा ब्रेक बायस आणि डॅम्परमध्ये, दुसऱ्याचं बार, स्प्रिंग आणि विंगमध्ये, तिसऱ्याचं डिफरन्शियलमध्ये आणि मागच्या टोकाला.

मोंझाचा दुसरा लेस्मो घ्या. उजवं वळण, मध्यम वेगाचं. त्यानंतर गाडी लांब उतारावर सुटते आणि जुन्या, आता बंद असलेल्या तिरक्या ट्रॅकच्या पुलाखालून अस्कारीच्या वळणांकडे धावते. लेस्मोतून बाहेर पडताना जो वेग मिळेल तो त्या सगळ्या लांबीभर कामाला येतो, म्हणून इथे रेस लवकर द्यायची असते. माझी गाडी नेमकी तिथे शेपूट हलवायची. मागचा बार एक टिचकी सैल केला. मागचं आतलं चाक जमीन धरू लागलं, लेस्मो शांत झाला. पण अस्कारीत, जिथे डावं-उजवं-डावं असं झटपट वळायचं, तिथे नाक सुस्तावलं. मागून पकड काढून पुढे दिली तर लेस्मो पुन्हा रुसणार. अशा वेळी आकड्यांना समोरासमोर बसवून विचारावं लागतं, सेकंदाचा कुठला तुकडा मोलाचा. मी लेस्मोच्या बाजूने कौल दिला आणि अस्कारीसाठी पुढची उंची किंचित खाली घेतली. वेगात पुढच्या टोकावर हवेचा दाब थोडा वाढला, नाकात जरा जीव आला.

या सगळ्यात शरीराला मिळतं ते फार थोडं. खुर्ची हलत नाही, पोटात गोळा येत नाही. असतात ते हात, डोळे आणि टायरचा आवाज. तरी हातांना पुष्कळ कळतं. पुढच्या चाकांची पकड शिगेला पोचण्याच्या जरासं आधीच स्टिअरिंग हलकं पडू लागतं, खऱ्या गाडीतही असंच होतं, कारण टायरची चाकाला सरळ करू पाहणारी ओढ पकडीच्या आधी ओसरते. तो हलकेपणा ओळखता येऊ लागला की माणूस वळणाच्या कडेवर राहायला शिकतो. 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरने एका गाडीवर हलवता येणारी वजनं लादली आणि ती पुढे-मागे सरकवत माणसांना नुसतं बसवून फिरवलं, कुठल्या वाटणीत गाडी सुखाची वाटते ते विचारत. मोटारींच्या चालीचं आधुनिक शास्त्र अशा अंगाने घेतलेल्या अनुभवावर उभं आहे. म्हणून खेळात आलेख काढायची उत्तम सोय असली, तरी मी आधी दोन लॅप चालवतो, कागदावर शब्दांत लिहितो आणि मगच आलेख उघडतो.

दुसऱ्याचा तयार सेटअप घेऊन चालवणारे पुष्कळ असतात. वेगवान चालकाचा सेटअप बहुधा शेपूट मोकळी सोडलेला असतो, कारण ती सावरायला त्याचे हात तयार असतात. ते हात नसताना तो सेटअप म्हणजे दुसऱ्याचा चष्मा. वाचायला मात्र तो चांगला. त्याने हा बार इतका सैल का ठेवला असेल, हे शोधत बसलं की एक अख्खी संध्याकाळ सार्थकी लागते.

आपल्याकडे ही विद्या खेळापुरती राहू नये, असं मला फार वाटतं. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, 5.125 किलोमीटर आणि 16 वळणांचं. तिथे 2011 ते 2013 अशा तीनच फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन व्हेटलने जिंकल्या, आणि शर्यत गेली. पण इंजिनिअरिंगच्या पोरांची फॉर्म्युला भारत स्पर्धा कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर होत आली आहे. त्यात मुलं स्वतः वेल्डिंग करून गाडी बांधतात, आणि परीक्षक समोर उभे राहून विचारतात, हीच स्प्रिंग का? शिवाय स्किडपॅड असतो, आतल्या कडेला 15.25 मीटर व्यासाची दोन वर्तुळं, आठच्या आकड्यासारखी जोडलेली. गोल गोल फिरताना वळणाच्या पोटातलं सगळं उघडं पडतं, ना ब्रेकची आड, ना रेसची.

पुतण्या पंढरपूरला मेकॅनिकलला आहे, यंदा त्यांची टीम गाडी बांधते आहे. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेत फक्कीने ती दोन वर्तुळं आखायची ठरली आहेत. आधी पुढचा बार काढूनच टाकायचा आणि गाडी काय म्हणते ते लिहून घ्यायचं. मग तो बसवून तसंच. परवा फोनवर तो म्हणाला, "काका, स्प्रिंग दिल्या आहेत दुकानदाराने, पण त्यांचा कडकपणा कुठेच लिहिलेला नाही." मी म्हटलं, साखरेचं 50 किलोचं पोतं आण. ते स्प्रिंगवर सरळ बसेल अशी फळी कर आणि किती दबते ते मोज. 14 मिलिमीटर दबली तर ती मिलिमीटरला साधारण 35 न्यूटनची. चारही मोज, प्रत्येकीवर खडूने आकडा लिही, आणि दोन सारख्या निघतील त्या पुढे लाव.