भांगाची सुकती

सल्लागार कंपनीत लागून मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. सिंधुदुर्गातल्या एका खाडीच्या मुखाशी मासेमारी बंदर व्हायचं होतं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. धक्का, लिलावाची शेड आणि होड्यांना वाट मिळावी म्हणून खाडीतला गाळ उपसणं. वर्षाला 10 हजार टन किंवा त्याहून जास्त मासळी उतरणार असेल तर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. पाण्याला लागून काम म्हटल्यावर सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम, आलेच. भरतीरेषेचा नकाशा मान्यताप्राप्त संस्थेनं करून दिला होता, तिवरांची गणती दुसऱ्या गटाकडे होती. माझ्याकडे तळाचे जीव.

त्यासाठी ग्रॅब वापरतात. दोरीला बांधलेला लोखंडी जबडाच तो. तळाला टेकला की मिटतो आणि ओंजळ-दोन ओंजळ चिखल घेऊन वर येतो. चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा, उरेल ते फॉर्मेलिनमध्ये टाकायचं, त्यात रोझ बेंगॉल नावाचा रंग. मग मुंबईला येऊन पांढऱ्या ट्रेमध्ये गुलाबी झालेले किडे चिमट्यानं निवडत बसायचं. पाठीचा पार काटा ढिला होतो, पण मला ते काम आवडायचं. किडे भरपूर निघाले, शिंपले दोन-चारच. तक्त्यात मी तसं लिहिलं. मराठी सारांशही माझ्याच गळ्यात पडला. त्यात मी लिहिलं : ‘प्रकल्पक्षेत्रात शिंपल्यांचे प्रमाण नगण्य आहे.’

जनसुनावणीला शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. अध्यक्षस्थानी अपर जिल्हाधिकारी, शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी, कोपऱ्यात व्हिडिओ कॅमेरा. पहिला तास रोजगार आणि गाळे कुणाला मिळणार यावरच गेला. मग एक म्हातारी उठली. नातीच्या हातात माझा सारांश होता. तिनं ते वाक्य मोठ्यानं वाचलं.

‘‘गो बाय, ह्या नगण्य म्हणजे काय?’’

‘‘अगदी थोडे, काकी.’’

‘‘आणि आमचे मुळे? तुमची होडी मी बगलंय. तेव्हा भांग होतो. भांगाच्या सुकतीक ती वाळू उघडी पडणा नाय. उधाणाच्या सुकतीक येवा, मगे सांगा.’’

मांडवात हशा पिकला. मला मात्र घाम फुटला. रात्री लॉजवर वही आणि पंचांग शेजारी ठेवून पाहिलं : नमुने घेतले ते सप्तमी-अष्टमीला. भांगाला भरतीही बेताची आणि ओहोटीही, म्हणजे सुकतीही; उधाणाला दोन्ही मोठ्या. प्रवाह मंद, ग्रॅब सरळ खाली जातो. म्हणून तर आम्ही ते दिवस निवडले होते. खाडीतला वाळूचा उंचवटा तेव्हा गुडघाभर पाण्याखाली होता. होडी रुतेल म्हणून तांडेल त्याला वळसा घालून गेला आणि आमच्या नमुन्यांची सगळी ठिकाणं खोल पाण्यात पडली. समुद्री जीवशास्त्राची पदवी घेऊन मी तिथीचा विचार केला नव्हता.

आमचे साहेब म्हणाले, एका बाईच्या बोलण्यावरून पुन्हा खर्च कशाला. पण तिचं म्हणणं इतिवृत्तात आलं होतं, कॅमेऱ्यातही होतं आणि सुनावणीतल्या मुद्द्यांना अंतिम अहवालात उत्तर द्यावंच लागतं. अमावास्येच्या उधाणाला मी परत गेले. पाणी उतरत गेलं आणि खाडीच्या मधोमध चांगली मैदानाएवढी वाळू वर आली. पंधरा-वीस बायका ओच्यात, टोपलीत मुळे, म्हणजे वाळूतले शिंपले, गोळा करत होत्या. काकीनं मला वाळूतली दोन बारीक भोकं दाखवली, शेजारी-शेजारी, सुईनं पाडल्यासारखी. तिथं बोटं खुपसली की मुळा हाताला लागतो. दोन पावलांवर पुन्हा भोकं. मोजणीची चौकट वाळूवर ठेवून तिच्यातले मुळे मोजायला बसले तर पाणी परत चढेपर्यंत निम्माच पट्टा झाला.

आराखड्यात उपसलेला गाळ टाकायची जागा या वाळूला खेटून होती. अंतिम अहवालात ती बदलली. होड्यांची वाट मात्र वाळूचं एक टोक कापूनच गेली. त्यावर काकी समाधानी नव्हती, मीही नाही. राज्याच्या सागरी किनारा प्राधिकरणाची शिफारस झाली, मंजुरीही मिळाली. ‘नगण्य’ खोडला गेला, एवढं नक्की.

तुमच्या किनाऱ्यावर काही व्हायचं असेल तर सुनावणीची नोटीस निदान 30 दिवस आधी पेपरात येते. सारांश मराठीत असतो. जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, पंचायतीत बघायला मागा. नमुने कोणत्या तारखांना घेतले ते बघा आणि त्या तारखा पंचांगाशी ताडून पाहा. जाता आलं नाही तरी हरकत लेखी देता येते. पोच घ्यायला विसरू नका.