फुकटची पाटी

आमच्या वाईच्या घराच्या दरवाजावर एक पत्र्याची पाटी होती. वडिलांनी ती 1961 साली रंगवून घेतली. वर एक मोर, मध्ये क्लॅरिओनेट आणि खाली ‘सर्व मंगल कार्यांसाठी’ एवढीच अक्षरे. उन्हाने मोराचा पिसारा गेला, पावसाने क्लॅरिओनेट गंजले. पण ‘बॅन्डवाले कुठे राहतात?’ असे कुणाही पोराला विचारावे आणि त्याने आमच्या दाराकडे बोट करावे, हा शिरस्ता काही मोडला नाही. म्हणून 2022 च्या दिवाळीत माझी नात पुण्याहून आली आणि म्हणाली, “आजोबा, तुमचा बॅन्ड कुठेच नाही हो!” तेव्हा मला हसूच आले.

“कुठेच नाही म्हणजे? दोन युफोनियम माळ्यावर आहेत, ढोल अडगळीच्या खोलीत आहे आणि बॅन्डमास्तर ओसरीवर सुपारी कातरीत बसले आहेत. आणखी कुठे असायला हवा?”

तिने फोनवर काहीतरी लिहून माझ्यापुढे धरले. मंडपवाले होते, आचारी होते, डीजेवाले तर रांगेने होते. आम्ही नव्हतो.

ओसरीवरचे बॅन्डमास्तर म्हणजे माझे थोरले बंधू, अण्णा. वडिलांचे क्लॅरिओनेट त्यांच्याकडे आले. मला सूर कळे, पण जमत नसे. म्हणून वडिलांनी माझ्या हाती हिशेबाची वही दिली. कोणाकडून किती विसार आला, कोणाचे किती राहिले, हे लिहिण्यात माझा जन्म गेला. 2020 साली टाळेबंदी आली, लग्नाला पन्नास माणसांची अट पडली, आणि वरात ही गोष्टच उरली नाही. दोन हंगाम वही कोरी राहिली. तिसऱ्या हंगामात लग्ने परतली, पण सुपाऱ्या डीजेवाल्यांच्या घरी गेल्या. अण्णा पितळेचा भाव विचारून आले होते. मेरठहून आणलेली ती वाद्ये दिवाळी उरकली की मोडीत द्यायची, असे त्यांनी ठरवूनच टाकले होते. मला ते पटत नव्हते. पण ज्याने कधी फुंकर घातली नाही, त्याने फुंकणाऱ्याला काय सांगावे?

नात मात्र सांगू शकत होती. ती म्हणाली, “चार दिवस द्या. पैसा एक लागणार नाही.”

वसुबारसेला तिने आमचे घर गूगलच्या नकाशावर चढवायला घेतले. तिथे कोणाही व्यावसायिकाला आपले नाव, पत्ता, फोन आणि छायाचित्रे फुकट लावता येतात. फक्त धंदा खरा आहे याची त्यांची खातरजमा व्हावी लागते. एका रकान्यात कामाची वेळ विचारली होती. अण्णा अडकित्ता न थांबवता म्हणाले, “वरात निघेल तेव्हा.” तो रकाना आम्ही रिकामाच ठेवला.

धनत्रयोदशीला व्हॉट्सॲपचा व्यापाऱ्यांसाठीचा प्रकार फोनवर आला. तोही फुकट. गिऱ्हाइकाचा पहिला निरोप आला की आपण आधी लिहून ठेवलेले स्वागत त्याला आपोआप जाते. त्याचा मजकूर अण्णांनी सांगितला: “श्रीकृपेकरून आम्ही खुशाल आहोत. तारीख कळवावी.” नातीने तो एक अक्षर न बदलता लिहिला.

मग यूट्यूब. फोन नंबरची पडताळणी केली नाही तर तिथे पंधरा मिनिटांपेक्षा मोठी फीत चढवता येत नाही. आमची वरात पंधरा मिनिटांत चौकसुद्धा ओलांडीत नाही! पण खरी अडचण लांबीची नव्हती. वाजवायचे काय? आमचा सारा संसार सिनेमाच्या गाण्यांवर चाललेला. लग्नाच्या वरातीत ती वाजवली तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे तो हक्कभंग होत नाही. कायद्याने वरातीला मोठ्या मनाने सूट दिली आहे. मात्र तेच वादन टिपून जगापुढे मांडायचे म्हटले, की मूळ हक्कदाराचा प्रश्न उभा राहतो. वरातीतली मोकळीक वरातीपुरतीच.

“तुमची स्वतःची एखादी चाल नाही का?” नातीने विचारले.

होती. नवरदेव घोड्यावर चढताना वाजवायची सलामी. वडिलांनी स्वतः बांधलेली. ती कागदावर कधी उतरली नाही. एका जुन्या कॅसेटवर होती आणि अण्णांच्या बोटांत होती. कॅसेट लावून पाहिली, तर तिच्यातून नुसती घरघर आली. राहिली बोटे.

“दम उरला नाही,” एवढे बोलून अण्णा आत गेले.

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाले, फराळ झाला, आणि अण्णांनी कोणाला न विचारता पेटी उघडली. पत्ती तोंडात धरून ओली केली. पहिला सूर फाटला, दुसरा फाटला, तिसरा लागला. शेजारच्या आळीतून आमचा म्हातारा ढोलवाला कानटोपीनिशी धावत आला. नातीने फोन उभा केला. अण्णा वाजवीत गेले आणि तिसऱ्या फेरीला, चाल वर चढते तिथे, थांबले. छाती वरखाली होत होती. ढोलवाल्याने ती जागा हलक्या हाताने भरून काढली. मग अण्णांनी सूर उचलला आणि सलामी पुरी केली.

“पुन्हा घेऊ या का?” नात म्हणाली.

“नको. तिथे थांबायचेच असते. वडीलही तिथेच दम घेत.”

मी काही बोललो नाही. वही काखेत धरून वडिलांच्या मागून मी किती वराती चाललो आहे! ते तिथे कधीच थांबत नसत.

हिशेबनीसाला फुकट या शब्दाची धास्ती असते. मी नातीला विचारले, “मग या लोकांचे पोट कसे भरते?” ती म्हणाली, “जाहिरातींवर, आणि आपण काय पाहतो, काय शोधतो, त्या माहितीवर.” तिने आणखीही एक सांगितले. जिओसिटीज नावाच्या जागेवर लोकांनी फुकट घरे बांधली होती; 2009 साली अमेरिकेतली ती वस्ती उठली. मायस्पेसवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी आपले संगीत ठेवले. 2015 पर्यंतचे ते संगीत हरवल्याचे 2019 साली जाहीर झाले. तेव्हा मी सलामीच्या दोन प्रती करवून घेतल्या; एक तिच्याकडे, एक माझ्या ट्रंकेत, वह्यांच्या खाली. पाटी खुशाल फुकटच्या भिंतीवर लावावी. ठेव मात्र आपल्या घरी असावी.

तुळशीचे लग्न झाले आणि फोन वाजू लागला, असे लिहायला मला आवडले असते. पहिल्या गृहस्थांनी ‘कितीला?’ एवढे विचारले आणि ते अंतर्धान पावले. पण त्या हंगामात सात सुपाऱ्या आल्या. त्यांतल्या चार नकाशावरून. मोडीत गेली ती फक्त एक फुटकी झांज.

आणि एक निरोप आला. मुलुंडच्या कोणी बाईंनी लिहिले होते: “आईचे लग्न 1968 साली वाईला झाले. सलामी तिने लगेच ओळखली. डोळे पुशीत होती. म्हणाली, पूर्वी मात्र तिसऱ्या फेरीला थांबत नसत.”

मी तो अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला. डोळे पुशीत होती, इथपर्यंत.

“आणखी काय म्हणते?” अण्णांनी विचारले.

“आणखी काही नाही. अगदी तश्शीच आहे म्हणते.”

अण्णा काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी चिंच घेऊन बसले आणि पितळ घासू लागले. माझ्या सगळ्या वह्यांत खोटी नोंद ही एवढीच. ती खोडण्याचा माझा विचार नाही.