काठावरचे अणू

हायड्रोजन हे उद्याचे स्वच्छ इंधन, असे वाचले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की ते बनवायला किती डोंगर फोडावे लागतील? आम्हां गोमंतकीयांना हा प्रश्न परका नाही. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा उजाड डोंगर आणि रिकामे उभे ट्रक, दोन्ही मी एकाच रस्त्यावरून जाताना पाहिले आहेत.

हायड्रोजन जाळला की पाणी होते, हे खरे. पण आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच काढतात. तो विजेने पाण्यातून वेगळा करता येतो, मात्र वीज वाया जाऊ नये म्हणून उत्प्रेरक लागतो. त्यात प्लॅटिनम अव्वल, पण दुर्मीळ आणि महाग.

दुसरी एक वाट सापडली ती मॉलिब्डेनम सल्फाइडमध्ये. गॅरेजमधल्या काळ्या ग्रीसमध्ये घालतात तोच पदार्थ! या कामाला तो निरुपयोगी समजला जाई. आपल्याकडे भात कापल्यावर अळसांदे पेरतात. त्यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात आणि जाता जाता थोडा हायड्रोजनही सोडतात. हे काम करणाऱ्या त्यांच्या एन्झाइममध्ये मॉलिब्डेनम, लोह आणि गंधक असते. २००५ साली डेन्मार्कमधल्या शास्त्रज्ञांनी संगणकावर गणित मांडले, तेव्हा मॉलिब्डेनम सल्फाइडच्या थराचा काठ या एन्झाइमच्या गाभ्याशी जुळताना दिसला.

२००७ साली प्रयोगानेही तेच सिद्ध झाले. थराचा सपाट भाग आळशी, राबतात ते काठावरचे अणू. आपल्या विळीसारखेच हे. पाते केवढेही रुंद असो, चिरते ती धार. कण जितका बारीक, तितके काठावरच्या अणूंचे प्रमाण जास्त. नॅनोरचनेचा सगळा खटाटोप त्यासाठीच, की माल तेवढाच आणि धार मात्र अधिक.

प्लॅटिनमची बरोबरी या पदार्थाला अजून साधलेली नाही. शिवाय आम्लधर्मी यंत्रात ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम लागते, आणि ते तर प्लॅटिनमहूनही दुर्मीळ. तरी मला या संशोधनातली काटकसर भावते. नवा डोंगर फोडण्याआधी हातातल्या मूठभर मालाकडून पुरते काम करून घ्यायचे, हा तिचा धडा. म्हणून कुणी 'स्वच्छ' म्हटले, की आपण विचारावे: धातू कुठला, आणि किती?