बाबांच्या वहीतली समीकरणं

माझे बाबा वडोदऱ्याच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवत होते. शाळेतल्या मराठी तुकड्या कमी होत गेल्या आणि बाबा निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्याकडे उरली एक जाड, पुठ्ठ्याची वही. त्यात त्यांनी स्वतः रचलेली ३१२ गणितं आहेत. क्ष आणि य, वर्गसमीकरण, मूळ, सहगुणक, चक्रवाढ व्याज, सगळं मराठीत. गणितांतली माणसंही इथलीच: मांडवीत कापड विकणारा, सुरसागरच्या कडेने फेरी मारणारा, खंडेराव मार्केटमधून भाजी आणणारी.

आपल्या मंडळातल्या मुलांसाठी या वहीची पुस्तिका करायची असं गेल्या वर्षी घरात ठरलं. बाबांनी एकच अट घातली. "माझ्या नावाने जाणारं प्रत्येक गणित मी स्वतः बघणार. मी बघितल्याशिवाय एकही जाणार नाही."

अट साधी होती, पण बाबांचे डोळे साथ देत नव्हते. त्यांच्या दृष्टिपटलाचा मधला भाग झिजत चालला आहे. कडेचं दिसतं, समोरचंच पुसट होतं. उजव्या डोळ्याने वाचणं थांबलं आहे आणि डाव्यासाठी इंजेक्शनं चालू आहेत. छापील पानावरची बारीक अक्षरं त्यांना लागत नाहीत. मात्र काळ्या पाटीवर पांढऱ्या खडूने लिहिल्यासारखं मोठं, एका वेळी एकच काही समोर धरलं, तर ते आजही वाचतात. पुण्याची ताई म्हणाली, "दुसऱ्या कुणा सरांकडून तपासून घे ना." मी तसं बाबांना विचारलं. ते काहीच बोलले नाहीत, आणि मी तो विषय तिथेच सोडला.

मी टंकायला घेतलं ते लाटेकमध्ये. तरुण वाचकांपैकी ज्यांनी इंजिनियरिंगचा किंवा एमएस्सीचा प्रकल्प लिहिला असेल त्यांना हे माहीत असेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. यात आपण समीकरण काढत नाही, त्याचं वर्णन लिहितो. 'अपूर्णांक, वर हे, खाली ते', 'वर्गमूळ, त्याच्या आत हे'. रेघ केवढी ओढायची, घातांक किती वर चढवायचा, हे यंत्र ठरवतं. याच्या मुळाशी असलेली टेक ही प्रणाली डोनाल्ड कनूथ यांची. १९७७ साली त्यांच्या स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं आली आणि त्यातली अक्षरं त्यांना पसंत पडली नाहीत, म्हणून ते जुळणीची प्रणाली स्वतःच लिहायला बसले. रजेच्या एका वर्षात उरकेल असं वाटलेलं हे काम पुढे दहा वर्षं चाललं. लाटेक हे त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी चढवलेलं सोपं रूप.

ही गोष्ट मी बाबांना सांगितली तेव्हा त्यांना सगळ्यात काय आवडलं असेल, तर कनूथ यांच्या पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला २००८ पर्यंत मिळत असलेला २.५६ डॉलरचा चेक. "दोनशे छप्पन्न सेंट! म्हणजे सोळाचा वर्ग," असं म्हणून ते स्वतःशीच हसले. टेकच्या आवृत्तीचा क्रमांक दर वेळी एकेका अंकाने पायच्या जवळ सरकतो, हे ऐकल्यावर तर त्यांनी कनूथ यांना आपल्या बिरादरीतच घेतलं.

आता मुख्य काम. मला पानं नको होती, एकेका समीकरणाचं एकेक मोठं चित्र हवं होतं. ३१२ वेळा पान तयार करा, त्यातलं समीकरण कापा, मोठं करा, रंग उलटा करा, हे हाताने केलं असतं तर दिवाळी उजाडली असती. आणि बाबांनी एखादा बदल सांगितला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी एक शेल स्क्रिप्ट लिहिली. शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची यादी. पूजेला बसल्यावर गुरुजी 'आता हळद, आता कुंकू' असं क्रमाने सांगतात ना, तसंच.

सगळी समीकरणं एका साध्या फाइलमध्ये ठेवली. एका ओळीत एक, सुरुवातीला वहीतला क्रमांक. स्क्रिप्ट एकेक ओळ उचलते. इथे करून बघणाऱ्यांसाठी एक सूचना: लाटेकमध्ये पावलोपावली उलटी तिरकी रेघ येते, आणि शेलची 'रीड' ही आज्ञा ती रेघ गिळून टाकते. 'रीड'च्या पुढे 'उणे आर' लिहिलं की ओळ जशीच्या तशी हाती येते.

उचललेली ओळ स्क्रिप्ट एका छोट्या दस्तऐवजात बसवते. त्याचा प्रकार 'स्टँडअलोन', म्हणजे पानाचा आकार मजकुराएवढाच आणि भोवती आपण सांगू तेवढी कोरी जागा. पानाचा रंग काळा, अक्षरं पांढरी. मग ते झीलाटेककडे जातं. साध्या लाटेकऐवजी झीलाटेक घेतलं ते 'क्ष'साठी, कारण त्याला संगणकातला कुठलाही देवनागरी फाँट थेट वापरता येतो. त्यातून पीडीएफ निघते, आणि 'पीडीएफ-टू-पीपीएम' ही आज्ञा तिचं चित्र करते.

चित्र केवढं मोठं करायचं, हेही गणितच आहे. टेकच्या मापात एका इंचात ७२.२७ पॉइंट असतात. नेहमीच्या दहा पॉइंटच्या अक्षरात आकडा साधारण साडेसहा पॉइंट उंच भरतो. इंचाला ६०० ठिपके सांगितले, की तो आकडा चोपन्न ठिपक्यांच्या आसपास उंच होतो. टॅबलेटवर तो आणखी ताणला तरी कडा फाटत नाहीत. बाबांना नेमकी हीच स्वच्छ कड लागते.

आणखी दोन सोयी केल्या. एखाद्या ओळीत कंस सुटला असेल तर झीलाटेक वाटेत थांबून प्रश्न विचारत बसतं. त्याला 'थांबू नकोस, अडलं तर सोडून दे' असं आधीच सांगून ठेवलं, आणि अडलेला क्रमांक वेगळ्या फाइलमध्ये लिहायला लावला. दुसरी सोय अशी, की प्रत्येक ओळीचा 'एमडीफाइव्ह' ठसा काढून तो चित्राच्या नावात घातला. ओळीत एक चिन्ह जरी बदललं तरी ठसा बदलतो. तोच ठसा असलेलं चित्र आधीपासून असेल, तर स्क्रिप्ट ती ओळ ओलांडून पुढे जाते. पहिल्यांदा सगळी चित्रं व्हायला काही मिनिटं लागली. त्यानंतर बाबांनी बदल सांगायचा आणि चहाचा घोट घेईपर्यंत नवं चित्र समोर.

रोज संध्याकाळी सात ते आठ, अशी आमची शिकवणी सुरू झाली. बाबा टॅबलेट थोडा तिरका धरतात, म्हणजे आकडे डोळ्याच्या चांगल्या भागासमोर येतात. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "हा अपूर्णांक खुजा का झाला?" ओळीच्या आत आलेला अपूर्णांक लाटेक आक्रसून लहान करतं, ओळींमधलं अंतर बिघडू नये म्हणून. स्क्रिप्टमध्ये 'डिस्प्लेस्टाइल' हा एकच शब्द वाढवला आणि सगळे अपूर्णांक ताठ उभे राहिले.

एकशे अठराव्या गणितापाशी वहीत शाई पसरली होती. बागेची लांबी आणि रुंदी ही एका वर्गसमीकरणाची मुळं आहेत, असं ते गणित. क्ष वर्ग, उणे ५० क्ष, पुढे डाग, मग ६००. डागाच्या जागी मी चौकट ठेवली होती. चित्रात ती चौकट ठळक दिसली. बाबा पाचेक सेकंद गप्प राहिले. मग म्हणाले, "अधिक. वीस आणि तीस. उणे घेतलंस तर साठ आणि उणे दहा येतील, आणि उणे दहा फुटांची बाग कुणाकडे असते गं?"

त्या क्षणी मला त्यांची अट नीट समजली. ओळी जुळवून पाहणं कुणीही केलं असतं, पण त्या डागाखाली काय होतं ते ठरवायला गणित रचणारा माणूस लागतो. तो माणूस आहे आणि त्याची बुद्धी शाबूत आहे, फक्त कागद त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. माझ्या चाळीस ओळींच्या स्क्रिप्टने तेवढंच अंतर भरून काढलं.

आपल्या वडोदऱ्यात हा विचार काही नवा नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन सुरू झालं. तंत्रविद्या लोकांना त्यांच्या भाषेत मिळावी, हा त्रिभुवनदास गज्जरांचा आग्रह त्यामागे होता. आपल्या मुलांची शाळा आता इंग्रजीत आहे आणि ते बदलणार नाही. पण 'क्वाड्रॅटिक इक्वेशन' येणाऱ्या मुलीला 'वर्गसमीकरण' हा शब्दही आला, तर आजोबांशी बोलायला एक विषय वाढतो. माझी बारा वर्षांची भाची सुट्टीत आली होती, तेव्हा तिनेच वीस चित्रं पुढे सरकवली. तीन गणितं तिने आधी सोडवली आणि एकात ती आजोबांच्या पुढे गेली. तो आठवडाभर बाबा येईल त्याला हेच सांगत होते.

हे लिहिते आहे तोवर २७४ गणितं तपासून झाली आहेत, ३८ उरली आहेत. पुढचं इंजेक्शन पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टर म्हणतात, आहे ते टिकवायचं. आम्ही रोज चार गणितं करतो, सणवारीही.

तुमच्याही घरात अशी एखादी वही असेल. गणिताची, हिशेबाची, नाहीतर संगीताच्या नोटेशनची. ती लिहिणारं माणूस अजून घरात असेल, तर टंकायला आजच घ्या आणि एकेक ओळ मोठी करून त्यांच्यापुढे धरा. स्क्रिप्ट हवी असेल तर मंडळाच्या संपादकांकडे देऊन ठेवली आहे. फाँटचं नाव तेवढं बदलून घ्या, बाकी सगळं आहे तसं चालेल.