पाऊस थांबेपर्यंत

बॉस्टनच्या फेनवे पार्कवर रात्रीच्या सामन्यात पाऊस आधी दिसतो, मग लागतो. अंगावर थेंब पडायच्या आत मनोऱ्यावरच्या दिव्यांखाली तिरक्या रेघा उमटतात. पिचर सारखा हात पुसू लागतो, चेंडू बदलून मागतो. शेवटी पंच हात वर करतात, खेळाडू डगआउटकडे वळतात आणि मैदान राखणारी माणसं धावत सुटतात. भल्यामोठ्या रुळावर गुंडाळलेली ताडपत्री ढकलत आणायची, कडा धरून पळत सुटायचं. लग्नघरी जाजम अंथरावी तशीच ती अंथरतात, पण ही जाजम वाऱ्याने फुगते आणि माणसांनाच ओढू पाहते. बेस, पिचरचा उंचवटा, इनफिल्डची माती सगळं झाकलं जातं, आणि स्टेडियम टाळ्या वाजवतं. मीही वाजवतो, अगदी मनापासून.

त्या रात्री आमचे बॉस्टनचे रेड सॉक्स एका धावेने पुढे होते. पाचवी इनिंग चालू होती, पाहुण्यांचा एक गडी बाद झाला होता. आणखी दोन बाद झाले असते तर सामना ग्राह्य ठरला असता, कारण घरचा संघ पुढे असेल तर साडेचार इनिंग पुरतात. नेमके तेच दोन गडी राहिले!

छपराखालच्या जुन्या लाकडी खुर्च्यांवर माझ्या शेजारी एक वयस्कर बाई होत्या. मांडीवर स्कोअरकार्ड, हातात पेन्सिल. कागद भिजू नये म्हणून त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत सरकवला, तेव्हा एका चौकोनातलं ६-४-३ मला दिसलं. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला, सेकंड बेसमनकडे दिला, त्याने फर्स्ट बेसमनकडे, आणि दोन गडी एकदम गेले. तीन आकड्यांत तो अख्खा क्षण पुन्हा डोळ्यांपुढे आला. "थांबणार ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला पाऊस म्हटला की षटकं कापणं आणि डकवर्थ-लुईसचं गणित आठवतं. बेसबॉलमध्ये खेळ पुन्हा सुरू झाला तर काहीच कापत नाहीत. जिथे थांबला तिथूनच खेळ पुढे चालतो. तोच बॅटर, तेच बाद झालेले गडी, बेसवरचे धावपटू जिथल्या तिथे. एवढा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. बदलतो तो बहुतेक वेळा पिचर. फार वेळ गेला तर त्याचा खांदा थंड पडतो, मग त्याला परत आणत नाहीत.

आणि थांबण्यात किती काय घडू शकतं! २ नोव्हेंबर २०१६ ला क्लीव्हलँडमध्ये वर्ल्ड सीरिज या अंतिम मालिकेचा सातवा सामना नऊ इनिंगनंतर ६-६ असा अडला आणि पाऊस आला. आघाडी हातची घालवलेले शिकागो कब्ज व्यायामाच्या खोलीत जमले, त्यांचाच खेळाडू जेसन हेवर्ड त्यांच्याशी बोलला. सतरा मिनिटांनी खेळ सुरू झाला, दहाव्या इनिंगमध्ये त्यांनी दोन धावा काढल्या, ८-७ ने जिंकले आणि विजेतेपदाचा १०८ वर्षांचा दुष्काळ संपला. फेनवेचा तर जन्मच पावसातला. १९१२ च्या एप्रिलमध्ये इथला पहिला अधिकृत सामना पावसामुळे पुढे ढकलावा लागला. अखेर २० तारखेला झाला, तोही अकरा इनिंग चालला.

उघडीप झाली तेव्हा निम्म्याहून अधिक लोक निघून गेले होते. ताडपत्री ओढताना तिच्यावर साचलेलं पाणी आउटफिल्डच्या गवतात ओतलं गेलं. ओल्या जागी भाजलेल्या मातीचे दाणे पसरले, दाताळ्याने सारखे केले, पांढऱ्या रेषा नव्याने आखल्या. आम्ही उरलेले पुढच्या रिकाम्या खुर्च्यांवर सरकलो. कुणी अडवलं नाही. बाईंनी पिशवीतून कागद काढला, नव्या पिचरचं नाव लिहिलं आणि पेन्सिलीला टोक केलं.

सामना आम्ही हरलो, मध्यरात्र उलटल्यावर. तरी सांगतो, कधी बेसबॉलच्या मैदानावर पावसात सापडलात तर लगेच उठू नका. खेळ थांबवल्यावर निदान अर्धा तास वाट पाहिल्याशिवाय सामना रद्द करायचा नाही, असं पंचांवर नियमाने बंधन आहे. तेवढं तरी आपणही थांबावं.